थट्टा, धिंड आणि आहेर

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात विडा नावाचे गाव आहे. धुळवडीच्या दिवशी तिथे गावच्या एका जावयाला गाढवावर बसवतात, गळ्यात चपलांचा हार घालतात आणि रंग उधळत, वाजतगाजत गावभर मिरवतात. दिवस जवळ येऊ लागले की गावातले जावई अंग काढून घेऊ लागतात, आणि कुणाला गाठायचे ते ठरवून पोरे पाळत ठेवू लागतात. मिरवणूक मारुतीच्या देवळापाशी संपते. तिथे त्याच जावयाला नवे कपडे आणि सोन्याची अंगठी देऊन त्याचा मान केला जातो. हा खर्च गाव वर्गणीतून करते. प्रथेची सुरुवात सांगताना गावकरी आनंदराव देशमुखांचे नाव घेतात. ती निजामी राजवटीपासून, निदान ऐंशी वर्षे चालत आली आहे.

वर्तमानपत्रे दरवर्षी या मिरवणुकीचा फोटो छापतात आणि खाली ‘अनोखी प्रथा’ असा मथळा देतात. अनोखी म्हटले की विषय तिथेच मिटतो. तो मिटू नये म्हणून हा संग्रह आहे. बीड जिल्ह्यात आणि आसपास थट्टेची जी रूपे अजून जिवंत आहेत, किंवा थोरल्या पिढीच्या आठवणीत आहेत, ती पुढच्या पानांत आली आहेत: शिमग्याची सोंगे, भारुडे, बहुरूप्यांची भाषणे, लग्नातली विहिणीची गाणी, जात्यावरच्या ओव्या. ती वाचण्याआधी एका इंग्रजी शब्दाची गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्याकडे विनोदाचा अभ्यास करणारे बहुतेक जण त्याच शब्दाच्या आणि त्याच्या भावंडांच्या मापाने आपले वाङ्मय मोजतात.

तो शब्द ‘लॅम्पून’. एखाद्या व्यक्तीला नेमके हेरून, तिचे नाव घेऊन किंवा न घेता पण ओळख पटेल अशा बेताने, तिच्यावर केलेली झोंबणारी टीका, बहुधा पद्यात. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या मध्याला फ्रेंचमधून आला. फ्रेंचमध्ये पिणाऱ्यांच्या गाण्यांत ‘लांपों’ असे पालुपद असे. त्याचा अर्थ ‘चला, ढोसू या’. मैफलीत एकाने कडवे रचायचे, त्यात कुणा बड्याची खिल्ली उडवायची, आणि बाकीच्यांनी पेले उचलून पालुपद धरायचे. पुढे पालुपदाचेच नाव त्या जातीच्या रचनेला पडले. या शब्दाचे मूळ, म्हणजे, घोळक्याच्या गाण्यात आहे. ते छापखान्यातले नव्हे.

इंग्लंडात पोचल्यावर मात्र त्याची संगत बदलली. दुसऱ्या चार्ल्सच्या काळात लंडनच्या कॉफीगृहांत हस्तलिखित लॅम्पूने हातोहात फिरत. कुणी लिहिले ते कुणी सांगत नसे. कवी जॉन ड्रायडनला याचा भुर्दंड अंगावर भरावा लागला. 18 डिसेंबर 1679 च्या रात्री कॉव्हेंट गार्डनजवळच्या रोझ अ‍ॅली नावाच्या गल्लीत भाडोत्री माणसांनी त्याला गाठून बेदम मारले. संशय असा, की दरबारातल्या बड्यांची टर उडवणारी एक निनावी कविता त्याची आहे. ती प्रत्यक्षात अर्ल ऑफ मलग्रेव्हची होती. मारेकऱ्यांचा पत्ता सांगणाऱ्याला पन्नास पौंडांचे बक्षीस जाहीर झाले, पण ते सापडले नाहीत. दुसऱ्याच्या निनावी कवितेचा मार खाल्लेल्या या माणसाने चौदा वर्षांनी, 1693 साली, रोमन कवी ज्युवेनलच्या भाषांतराला उपहासाच्या इतिहासावर एक लांबलचक प्रस्तावना लिहिली. तीत तो लॅम्पूनबद्दल फार सावधपणे बोलतो. हे हत्यार धोक्याचे आहे, दुसऱ्याच्या अब्रूवर आपला काही हक्क नाही, असे तो म्हणतो, आणि दोनच प्रसंगी त्याला थोडी मोकळीक देतो: आपल्यावर उघड उघड अन्याय झाला असेल तर, किंवा ती व्यक्ती साऱ्या समाजाला उपद्रव देणारी ठरली असेल तर. त्यातल्या पहिल्या कारणावरही त्याचा पुरता विश्वास नाही. सूड ही चांगल्या माणसाची गरज नव्हे, हे त्याला ठाऊक आहे.

लॅम्पूनचे एक थोरले भावंड रोममध्ये आहे. पियाझ्झा नवोनाच्या जवळ एका वाड्याच्या कोपऱ्यावर एक मोडका संगमरवरी पुतळा उभा आहे. नाक नाही, हात नाहीत. 1501 साली कार्डिनल ओलिव्हिएरो काराफाने तो तिथे बसवला आणि लोकांनी त्याला पास्क्विनो म्हणायला सुरुवात केली. पोपवर आणि त्याच्या गोतावळ्यावर जे तोंडाने बोलता येत नसे ते रात्री कागदावर लिहून या पुतळ्याला चिकटवले जाई, आणि सकाळी सारे शहर ते वाचून मोकळे होई. सहावा एड्रियन हा पोप इतका चिडला, की पुतळा तायबर नदीत फेकून द्यावा असे त्याच्या मनात आले होते म्हणतात. या पुतळ्यावरून असल्या लिखाणाला ‘पास्क्विनेड’ हे नाव मिळाले.

रोमच्या चिठ्ठ्यांत आणि लंडनच्या हस्तलिखितांत एक गोष्ट सारखी आहे: बोलणारा दिसत नाही. त्याला कारण होते. दिसला असता तर तुरुंग, किंवा रोझ अ‍ॅली. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्याविरुद्ध बोलताना नाव झाकणे यात लाजण्यासारखे काही नाही. पण ही सवय एकदा लागली की ती सत्ताधाऱ्यांपुरती राहत नाही. शेजारीण, विधवा, कर्जात बुडालेला दुकानदार, सगळ्यांवर तसेच कागद निघू लागतात, आणि त्यांना उत्तर द्यायला समोर कुणी नसते. आज मोबाइलवर फिरणाऱ्या, कुणी बनवले ते न कळणाऱ्या चित्रांचे तेच चालले आहे.

विडा गावच्या गाढवाचे खरे नातेवाईक मात्र लॅम्पूनमध्ये शोधून सापडणार नाहीत. ते ‘शारिव्हारी’त आहेत. फ्रान्सच्या खेड्यांत म्हाताऱ्याने तरुण पोरीशी लग्न केले, विधुराने घाईने दुसरा संसार थाटला, की पोरे रात्री त्याच्या दारापुढे भांडी, ढोल, शिंगे बडवत गोंगाट घालत. त्या गोंगाटाचे हे नाव. इंग्लंडात त्याच चालीला ‘स्किमिंग्टन’ म्हणत. बायकोचा मार खाणारा नवरा, किंवा ज्यांच्या संबंधांची गावात कुजबुज आहे असे जोडपे, यांच्या नावाने सोंगे काढून घोड्यावर किंवा गाढवावर उलटी बसवत आणि गावभर फिरवत. सॅम्युअल बटलरच्या ‘ह्यूडिब्रास’मध्ये तिचे वर्णन आहे आणि विल्यम होगार्थने त्यावर चित्र कोरले आहे. पण ती कुठवर जाऊ शकते हे टॉमस हार्डीने सांगितले. ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ (1886) या कादंबरीत ल्यूसेटा आपल्या घराच्या खिडकीतून खालची मिरवणूक पाहते. गाढवाच्या पाठीवर दोन पुतळे पाठीला पाठ लावून बांधलेले, आणि त्यातला एक हुबेहूब तिचा. कपडे तेच, केसांची ठेवण तीच. तिला झटका येतो आणि त्यातच तिचा अंत होतो. मिरवणूक काढणारे पांगतात. चौकशीला आलेल्या शिपायांना रस्त्यात कुणी काही पाहिलेले नसते.

शारिव्हारी पुढे कागदावर आली. पॅरिसमध्ये शार्ल फिलिपोंने 1832 साली ‘ल शारिव्हारी’ हे व्यंगचित्रांचे दैनिक काढले. त्याला समोर ठेवून 1841 साली लंडनमध्ये ‘पंच’ निघाले आणि त्याने पोटशीर्षकातच स्वतःला लंडनची शारिव्हारी म्हणवून घेतले. ‘पंच’चे वारे मुंबई इलाख्यात आले तेव्हा ठाण्यातून मराठी ‘हिंदुपंच’ निघू लागले. खेड्यातल्या दारापुढचा गोंगाट असा देशोदेशी फिरत मराठी वाचकाच्या हाती पडला. ज्या खेड्यांत त्याची सख्खी रूपे पूर्वीपासून होती, तिकडे मात्र आपल्या लिहित्या मंडळींचे क्वचितच लक्ष गेले. आपण ‘पंच’चा इतिहास शिकलो आणि शिमगा असभ्य म्हणून सोडून दिला. याची मला मनापासून खंत वाटते.

विड्याच्या गाढवाकडे परत पाहताना हार्डीचे गाढव विसरून चालणार नाही, आणि आपल्या इतिहासातली जनावरेही. 1689 साली संभाजीराजांना आणि कवी कलशांना पकडून बहादूरगडावर औरंगजेबाच्या छावणीत आणले, तेव्हा विदूषकाचे कपडे चढवून, उंटावर बसवून त्यांची धिंड काढली. तो गड, म्हणजे आजचे पेडगाव, बीडच्या आष्टी तालुक्यापासून फार लांब नाही. जातीचे नियम मोडल्याबद्दल, मंदिरात पाऊल टाकल्याबद्दल, वरच्या म्हणवणाऱ्यांच्या मुलीशी बोलल्याबद्दल गाढवावरून काढलेल्या धिंडी मराठवाड्याला अनोळखी नाहीत. जनावर तेच, हार तोच, वाजंत्रीही तीच. मग विड्यातली मिरवणूक आणि धिंड यांत फरक कुठे आहे?

माझ्या मते फरक तीन ठिकाणी आहे. एक, कुणाला बसवले. मराठवाड्याच्या घरात जावई म्हणजे सर्वांत वरचे पान. सासरा त्याच्याशी खालच्या आवाजात बोलतो, सासू त्याच्यासमोर पदर सावरते, ताटात आधी त्याला वाढतात. वर्षभर ज्याला मानाने वाकून बोलायचे त्यालाच एक दिवस खाली उतरवायचे, ही थट्टा चढणीला लागलेली आहे. उद्या हाच हार गावातल्या एखाद्या निराधाराच्या गळ्यात पडला तर ती त्याच क्षणी धिंड होईल. दुसरे, कोण बसवते. बसवणारी माणसे दिसतात, ओळखीची असतात. जावई त्यांना नावानिशी ओळखतो आणि संध्याकाळी त्यांच्याच ओट्यावर बसतो. ‘पाव्हणं, कुठं निघालाव?’ असे विचारत ज्यांनी वाट अडवली, तीच माणसे अंगठी देताना पुढे असतात. तिसरे, शेवटी काय होते. कपडे आणि सोने ही भरपाई आहे, आणि ती गाव देते. जे हिसकावून घेतले ते सगळ्यांसमोर, त्याच दिवशी परत करायचे, असा हा करार आहे.

या कराराचा एक भाग नेहमी अंधारात राहतो. ज्याची मिरवणूक निघते त्याची बायको गावातली लेक आहे. तिला ही थट्टा कशी वाटते, हे विचारणारे लिखाण मला आजवर दिसलेले नाही. तिच्यासाठी गाढवावर बसलेला माणूस म्हणजे तिचा संसार, आणि बसवणारे तिचे भाऊ, चुलते. या संग्रहातल्या विडा प्रकरणात बायकांचे बोलणे मुद्दाम सविस्तर घेतले आहे, आणि ते पुरुषांच्या बोलण्याशी नेहमी जुळत नाही.

इंग्रजी शब्दांच्या मापाने मोजताना सर्वांत जास्त नुकसान भारुडाचे झाले. पैठणचे एकनाथ (1533 ते 1599) यांची सुमारे तीनशे भारुडे आहेत, आणि त्यांतली बरीच उघड उघड थट्टेची. पैठणहून खाली वाहणारी गोदावरी बीड जिल्ह्याची उत्तरेची हद्द आखत जाते. गेवराई आणि माजलगाव तालुक्यांच्या काठच्या गावांत भारूड पाहुणे म्हणून आलेले नाही, ते घरचेच आहे. विंचू, भूत, जोगवा, बुरगुंडा, गारुडी, दादला, जोहार असे अनेक विषय. ढोंगी गुरू, पोटार्थी संन्यासी, लोभी बाई, घरात वाघ आणि बाहेर शेळी झालेला नवरा, सगळे त्यांत येतात. कुणाचे नाव मात्र येत नाही. टीका करणारा ‘मी’ म्हणून बोलतो आणि स्वतःवरच घेतो. भूत मला लागले, विंचू मला चावला, दादला मला नको. समोर बसलेल्याने आपापले ओळखून घ्यायचे. लॅम्पूनमध्ये बोलणारा लपतो आणि ज्याच्यावर बोलायचे तो उघडा पडतो. भारुडात बोलणारा दिवट्यांच्या उजेडात उभा असतो, आणि ज्याच्यावर बोलणे आहे तो गर्दीत, अंधारात, सुरक्षित बसलेला असतो. मला हा भेद फार मोलाचा वाटतो.

भारूड सादर होताना पाहावे. मिशीवाला पुरुष लुगडे नेसून, डोक्यावरून पदर घेऊन उभा राहतो. मागे टाळ, पखवाज, एक झीलकरी. पहिले कडवे होते न होते तोच तो थांबतो आणि बोलू लागतो: गावचा रस्ता, आलेला आणि न आलेला विमा, छावणीत मोजलेली जनावरे, सासूची तब्येत. झीलकरी ‘असं व्हय!’ म्हणत त्याला पुढे ढकलतो. चारशे वर्षांपूर्वीच्या ओळी आणि कालची बातमी एकाच श्वासात येतात, आणि जोडकाम कुठे आहे ते ऐकणाऱ्याला कळत नाही. संग्रहात छापलेली भारुडे या मधल्या बोलण्यासकट आहेत. नुसत्या ओळी हव्या असतील तर गाथेत मिळतात.

एकनाथांच्या एका गोष्टीवर वाद आहे आणि तो टाळू नये. त्यांनी महाराच्या, महारणीच्या तोंडून ‘जोहार’ घातला आणि त्या तोंडून ब्राह्मणांना सुनावले. काहींना यात धाडस दिसते. काहींना दिसते की ज्यांना बोलू दिले जात नव्हते त्यांचे बोलणेही पैठणच्या ब्राह्मणानेच उसने घेतले. मला दोन्ही खरे वाटते, पण दुसऱ्याचे वजन जास्त वाटते, कारण पुढे जेव्हा ते लोक स्वतः बोलू लागले तेव्हा त्यांनी जोहार टाकून दिला. सत्यशोधकी जलशांनी तमाशाचा गण आणि गवळण घेतली आणि त्यांत पुरोहिताला उभे केले. आंबेडकरी जलशांनी तीच रीत पुढे नेली. ही थट्टा उसनी नव्हती. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी जात्यावर गायलेल्या बाबासाहेबांच्या ओव्या गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांच्या उपक्रमात ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. लाखाहून अधिक ओव्यांचा तो ठेवा आहे. जातीवर बोलायला त्या बायकांना कुणाचे सोंग घ्यावे लागलेले नाही.

बहुरूप्यांचे प्रकरण लहान आहे, कारण सामग्री कमी मिळाली. खाकी कपडे, शिट्टी, हातात वही घेऊन बहुरूपी दारात येतो आणि घरच्या कर्त्याला अटक करायला आलो म्हणतो. कलमे वाचतो, आणि कलमे वाचता वाचता ती लग्नाच्या जेवणाची यादी होऊन जातात. पोरे आधी घाबरतात, मग मागे मागे फिरतात. ज्या भटक्या समाजांकडे ही कला आहे त्यांच्याकडे खऱ्या पोलिसांनी पिढ्यान् पिढ्या संशयाने पाहिले, हे लक्षात घेऊन ही भाषणे वाचली तर त्यांतली धार समजते. आता गावात शिरताच ओळखपत्र मागितले जाते, पोरे पळवणारी टोळी म्हणून मारहाण होण्याची भीती असते. खोट्या शिपायाचे सोंग घेणे त्यांना परवडेनासे झाले आहे.

शिमग्याच्या गाण्यांविषयी संपादनाचा निर्णय सांगणे भाग आहे. त्यांतली बरीच अश्लील आहेत. अश्लील म्हणून एकही गाळलेले नाही. होळीभोवती बोंब मारताना ती म्हटली जातात, आणि त्या दिवसापुरती त्यांना गावाची संमती असते. जातीवरून, अपंगत्वावरून किंवा एखाद्या बाईच्या वैधव्यावरून कुचेष्टा करणारी गाणी मात्र घेतलेली नाहीत. अभ्यासासाठी सगळे छापावे, गाळणे म्हणजे इतिहास खोडणे, असे काही मित्रांचे म्हणणे होते. पण ही गाणी ज्यांच्यावर रचली त्यांची नातवंडे त्याच गावात राहतात. पुस्तकात छापले की त्या गाण्याला शिमग्याची मुदत उरत नाही, ते बारा महिने म्हणता येते. मराठीत ‘विडंबन’ आणि ‘विटंबना’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत, आणि छापताना एकाचे दुसरे व्हायला वेळ लागत नाही. केशवकुमारांनी ‘झेंडूची फुले’मध्ये (1925) कवितांचे विडंबन केले. ज्यांच्या कविता होत्या त्यांना उत्तर द्यायला मासिके होती. गावकुसाजवळच्या विधवेला कोणते मासिक होते?

आणखी एक सांगायचे ते बायकांच्या गाण्यांबद्दल. लग्नात विहिणीला उद्देशून म्हणायची गाणी आता मंडपातून गेली. ध्वनिवर्धक आला आणि गाणाऱ्या बायका गप्प झाल्या. पूर्वी वधूपक्षाला सगळीकडे नमते घ्यावे लागे: हुंडा, मानपान, रुसवे. अशा वेळी वधूकडच्या बायकांनी वरमाईच्या तोंडावर तिचे नाक, तिची भूक, तिच्या लुगड्याचा काठ यांवर गायचे आणि तिने ते हसून ऐकून घ्यायचे, ही एकच जागा होती जिथे मुलीकडची बाजू वरचढ असे. वरमाईला राग आला तरी उठून जाता येत नसे. उत्तर द्यायचे तर गाण्यातच द्यावे लागे. अशा जोडगाण्यांचे काही नमुने अंबाजोगाई आणि धारूर भागातून मिळाले आहेत आणि ते समोरासमोरच्या पानांवर छापले आहेत. डाव्या पानावर वधूपक्ष, उजव्या पानावर वरपक्ष.

बीडमधून दसऱ्यानंतर लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. शिमगा बहुतेकदा याच काळात येतो. त्यामुळे कित्येक वाड्या-वस्त्यांवर होळीला म्हातारे आणि लहान पोरेच असतात, आणि सोंगे काढणारी तरणी माणसे कारखान्याच्या तळावर, कोप्यांपुढे होळी पेटवतात. तिथे मुकादमावर आणि उचलीच्या हिशेबावर रचलेली गाणी एका स्वतंत्र भागात आहेत. हा भाग संग्रहातला सर्वांत नवा आहे आणि मला तो सर्वांत जिवंत वाटतो. गाणाऱ्यांची नावे त्यात दिलेली नाहीत. गाणे तोंडावर म्हणायला ते तयार होते, पण छापील कागद मुकादमाच्या हाती पडला तर पुढच्या हंगामाची उचल अडेल, असे त्यांनी सांगितले. एवढ्या एका भागापुरती पास्क्विनोची रीत पाळली आहे.

वाचनाविषयी एक सूचना. गाणी आणि भाषणे बोलीत जशी ऐकली तशीच लिहिली आहेत. ‘करायलाव’, ‘निघालाव’, ‘काहून’ ही रूपे प्रमाण मराठीत बदललेली नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ गाणाऱ्याच्या तोंडाप्रमाणे ठेवले आहेत, त्यामुळे एकच शब्द दोन गावांत दोन तऱ्हेने दिसेल. कठीण शब्दांचे अर्थ त्या त्या पानाखाली आहेत. ज्यांना भारुडाची सवय नाही त्यांनी आधी विहिणीची गाणी वाचावीत, मग ऊसतळावरची, आणि भारुडे शेवटी, शक्यतो मोठ्याने आणि कुणाला तरी झीलकरी करून.